कोर्टाने सोडलं, आता संघात परत कसं जायचं?

"कोर्टाने मुलाला निर्दोष सोडलं. मग युनिव्हर्सिटी त्याला संघात परत का घेत नाही?" ज्यांची मुलं अमेरिकेत शिकतात आणि खेळतात अशा मराठी पालकांकडून हा प्रश्न वारंवार येतो. कधी प्रकरण स्वतःच्या घरातलं असतं, कधी मुलाच्या रूममेटचं, तर कधी बातम्यांत गाजलेल्या एखाद्या फुटबॉलपटूचं. कोर्ट सगळ्यांत वरचं, त्याने सोडलं म्हणजे सगळ्यांनी सोडलं, अशी आपली समजूत असते. अमेरिकन कॉलेजांत तसं होत नाही. निकालाच्या दिवशी पेढे वाटून झाल्यावर आठवड्याभराने कुटुंबाला कळतं की मुलाला अजून कॅम्पसवर पाऊल टाकायचीही परवानगी नाही. तोवर अपिलाची मुदत टळून गेलेली असते.

पुढे सोयीसाठी 'मुलगा' म्हटलं आहे. मुलगी खेळाडू असेल तरी सगळं तसंच लागू होतं. तक्रार करणाऱ्या विद्यार्थिनीच्या घरच्यांसाठीही शेवटाकडे एक भाग आहे. तोही वाचा, तुम्ही दुसऱ्या बाजूचे असलात तरी.

आधी माझं मत

निर्दोष सुटलेल्या खेळाडूला संघात परत यायची वाट मिळालीच पाहिजे. पण नुसतं निकालपत्र दाखवून थेट मैदानावर उतरावं, हे मला मान्य नाही. विद्यापीठाने स्वतःची चौकशी, खटल्यात उघडकीला आलेला पुरावा समोर ठेवून, नव्याने तपासावी. दोन्ही बाजूंचं ऐकावं, कारणं लेखी द्यावीत आणि हे सगळं काही आठवड्यांत संपवावं. त्यातून मुलगा दोषी ठरत नसेल तर त्याला विद्यार्थी म्हणून आणि खेळाडू म्हणूनही परत घ्यावं. 'वातावरण बरं नाही', 'देणगीदार नाराज आहेत', 'सोशल मीडियावर गदारोळ होईल' ही त्याला बाहेर ठेवण्याची कारणं होऊ शकत नाहीत. तो संघाचा हुकमी खेळाडू आहे म्हणून चौकशी गुंडाळणंही तितकंच चुकीचं.

'सुटला' म्हणजे नेमकं काय झालं?

फोनवर "केस संपली" एवढंच ऐकून पुढच्या हालचाली करू नका. केस चार तऱ्हांनी संपते आणि विद्यापीठ चारही तऱ्हांकडे वेगवेगळ्या नजरेने पाहतं.

- ज्युरीने किंवा न्यायाधीशाने निर्दोष ठरवलं. ही खरी निर्दोष मुक्तता. अमेरिकेत सरकारी पक्षाला तिच्याविरुद्ध अपील करता येत नाही. भारतात सरकार आणि पीडित व्यक्ती दोघांनाही वरच्या कोर्टात जाता येतं, म्हणून आपल्या मनात धाकधूक राहते. तिकडे फौजदारी बाजूने विषय तिथेच मिटतो.
- सरकारी वकिलाने खटला मागे घेतला. तो पुन्हा दाखल करता येईल अशा रीतीने मागे घेतला की कायमचा, हे आदेशात पाहा. त्या एका ओळीने फार फरक पडतो.
- आरोपपत्रच दाखल झालं नाही. पुरावा पुरेसा नाही, एवढाच याचा अर्थ. विद्यापीठ यावरून काहीही गृहीत धरायला बांधील नाही.
- तडजोड झाली. हलक्या गुन्ह्याची कबुली दिली, 'नो कॉन्टेस्ट' म्हटलं किंवा एखादा कोर्स पूर्ण करण्याच्या अटीवर केस थांबली. वकिलाने "तुरुंग टळला" म्हणून अभिनंदन केलं असेल, पण ही निर्दोष मुक्तता नाही. विद्यापीठाला लिहिताना तसा शब्द वापरलात तर मुलाच्या बाकीच्या खऱ्या बोलण्यावरचाही विश्वास जाईल.

दुसऱ्या प्रकारचं सर्वांत गाजलेलं उदाहरण ड्यूक विद्यापीठाच्या लॅक्रॉस संघाचं. मार्च २००६ मधल्या एका पार्टीवरून तीन खेळाडूंवर बलात्काराचे आरोप ठेवले गेले. विद्यापीठाने संघाचा उरलेला हंगाम रद्द केला आणि प्रशिक्षकाला पद सोडावं लागलं. ११ एप्रिल २००७ रोजी नॉर्थ कॅरोलायनाचे तेव्हाचे अ‍ॅटर्नी जनरल रॉय कूपर यांनी आरोप मागे घेतले. पुरावा अपुरा आहे, एवढं म्हणून ते थांबले नाहीत. तिघं निर्दोष आहेत, असं त्यांनी जाहीर सांगितलं. खटला रेटणाऱ्या जिल्हा सरकारी वकिलाची सनद गेली. बुडालेल्या हंगामाच्या बदल्यात कॉलेज खेळांचं नियमन करणाऱ्या एनसीएएने संघातल्या खेळाडूंना खेळण्यासाठी एक जादा वर्ष दिलं. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

फाइल चार टेबलांवर असते

सरकारी कचेरीत एका टेबलावर सही झाली म्हणून काम झालं असं आपण कधी समजत नाही. इथेही तसंच आहे.

पहिलं टेबल कोर्टाचं, तिथलं काम झालं. दुसरं विद्यापीठाच्या शिस्त विभागाचं. लैंगिक स्वरूपाची तक्रार असेल तर टायटल नाईन ऑफिसचं. तिसरं अ‍ॅथलेटिक विभागाचं, म्हणजे कोच आणि अ‍ॅथलेटिक डायरेक्टर यांचं. चौथं एनसीएए आणि तुमच्या मुलाचं कॉलेज ज्या कॉन्फरन्समध्ये खेळतं तिचं. मुलगा एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर असेल तर पाचवं टेबल इमिग्रेशनचं. एका टेबलाचा निर्णय दुसऱ्यावर आपोआप लागू होत नाही. कोर्टाला विद्यापीठाकडे निकाल पाठवण्याचं काही कारण नसतं. तो तुम्हालाच न्यावा लागतो.

दुसरं टेबल: सगळं इथे अडतं

फौजदारी खटल्यात आरोप वाजवी संशयापलीकडे सिद्ध करावा लागतो. विद्यापीठाची कसोटी बरीच खालची असते. बहुतेक ठिकाणी 'घडलं असण्याची शक्यता न घडल्यापेक्षा जास्त' एवढं पुरतं. काही ठिकाणी 'स्पष्ट आणि पटणारा पुरावा' ही मधली पायरी असते. त्यामुळे एकाच घटनेत ज्युरी 'निर्दोष' म्हणते आणि विद्यापीठ 'जबाबदार' म्हणतं, आणि कायद्याच्या नजरेत दोन्ही एकाच वेळी टिकतात. ओ. जे. सिम्प्सन आठवा: १९९५ मध्ये खुनाच्या आरोपातून सुटका, १९९७ मध्ये दिवाणी कोर्टात त्याच मृत्यूंसाठी जबाबदार. एकाच आरोपासाठी दोनदा खटला नाही, हे संरक्षण विद्यापीठाच्या चौकशीला लागू नाही.

आरोपच दाखल झाले नाहीत तरी काय होऊ शकतं, ते मिनेसोटा विद्यापीठात दिसलं. सरकारी वकिलाने खटला भरायला नकार दिला होता. तरीही विद्यापीठाच्या स्वतःच्या चौकशीवरून डिसेंबर २०१६ मध्ये दहा फुटबॉलपटू निलंबित झाले. संघाने सरावावर बहिष्कार टाकला, दोन दिवसांत तो मागे घ्यावा लागला, आणि सुनावणीनंतर काही खेळाडूंना विद्यापीठातून काढण्यात आलं. संघ पाठीशी असला की प्रशासन नमतं, या भ्रमात राहू नका.

तुम्हाला सर्वांत जास्त शिकवेल ते विस्कॉन्सिन विद्यापीठाचं प्रकरण. क्विंटेझ सेफस हा तिथल्या फुटबॉल संघाचा वाइड रिसीव्हर. ऑगस्ट २०१८ मध्ये त्याच्यावर लैंगिक अत्याचाराचे आरोप ठेवले गेले आणि तो संघातून निलंबित झाला. खटला उभा राहण्याआधी विद्यापीठाने आपली चौकशी उरकली आणि त्याला काढून टाकलं. खटला तोंडावर असताना विद्यापीठासमोर मोकळेपणाने बोलणं कोणत्याही आरोपीला धोक्याचं असतं, कारण तिथे उच्चारलेला शब्द कोर्टात वापरला जाऊ शकतो. २ ऑगस्ट २०१९ रोजी ज्युरीने तासाभराच्या आत त्याला निर्दोष ठरवलं. त्याने लगेच परत प्रवेशाचा अर्ज केला. खटल्यात पुढे आलेली माहिती विद्यापीठाच्या चौकशीत समोर नव्हती, या मुद्द्यावर चॅन्सलर रिबेका ब्लँक यांनी १९ ऑगस्टला त्याला परत घेतलं. तो पूर्ण हंगाम खेळला, १ जानेवारी २०२० चा रोझ बोलही खेळला, आणि त्या वर्षी डेट्रॉइट लायन्सने त्याची निवड केली.

निर्दोष ठरल्यापासून विद्यार्थी म्हणून परत येईपर्यंत सतरा दिवस. एवढ्या वेगाने हे झालं, कारण अर्ज निकालापाठोपाठ गेला आणि त्याचा गाभा 'मी सुटलो' हा नव्हता, 'तुमच्यासमोर नव्हता असा पुरावा आता आहे' हा होता. तुमच्या अर्जाचाही गाभा तोच असायला हवा.

टायटल नाईनखाली मुलाचे हक्क

शिक्षणातला लिंगाधारित भेदभाव रोखणारा हा कायदा १९७२ चा. त्याखालचे नियम सरकार बदललं की बदलतात. २०२४ चे नियम ९ जानेवारी २०२५ रोजी केंटकीतल्या संघीय न्यायालयाने देशभर रद्द केले, त्यामुळे पुन्हा २०२० च्या नियमांवर काम चालतं. त्यांतलं तुमच्या कामाचं एवढंच:

- मुलाला आपल्या पसंतीचा सल्लागार नेता येतो; तो वकील असू शकतो. सल्लागार नसेल तर साक्षीदारांच्या उलटतपासणीसाठी विद्यापीठाने विनाशुल्क द्यायचा असतो.
- सुनावणीआधी पुरावा पाहण्यासाठी किमान दहा दिवस मिळतात.
- मुलगा सुनावणीला गप्प राहिला किंवा आलाच नाही, एवढ्यावरून तो दोषी असल्याचा निष्कर्ष काढता येत नाही.
- फौजदारी तपास चालू असेल तर चौकशी काही काळ थांबवण्याची विनंती करता येते. ती मान्य होईलच असं नाही, पण लेखी केलेली असली पाहिजे.
- दोन्ही पक्षांना अपिलाचा हक्क आहे आणि त्याची कारणं तीन: प्रक्रियेतली चूक, आधी उपलब्ध नसलेला नवा पुरावा, आणि निर्णय घेणाऱ्याचा पक्षपात किंवा हितसंबंध.

आरोप मारामारीचा, चोरीचा, दारू पिऊन गाडी चालवल्याचा किंवा रॅगिंगचा असेल तर प्रकरण विद्यापीठाच्या सर्वसाधारण आचारसंहितेखाली चालतं. तिथे यांतले सगळे हक्क असतीलच असं नाही. विद्यार्थ्यांच्या हँडबुकमधलं अपिलाचं प्रकरण शब्दन् शब्द वाचा. सरकारी विद्यापीठांना घटनेतली योग्य प्रक्रियेची हमी पाळावी लागते. खाजगी विद्यापीठात तुमचा आधार प्रामुख्याने करार, आणि करार म्हणजे तेच हँडबुक.

निकालानंतरच्या पहिल्या पंधरवड्यात

1. कोर्टाच्या अंतिम आदेशाच्या सही-शिक्क्याच्या प्रती घ्या. एक-दोन नव्हे, पाच-सहा. त्या वर्षानुवर्षं लागतात.
2. खटल्यातल्या साक्षींची अधिकृत टिपणं मागवा. ती महाग असतात आणि मिळायला वेळ लागतो, म्हणून मागणी त्याच दिवशी नोंदवा. कोणते साक्षीदार, व्हिडिओ, फोनवरचे मेसेज विद्यापीठासमोर आले नव्हते, याची यादी वकिलाकडून करून घ्या. नवा पुरावा म्हणजे हीच यादी.
3. मुलाकडून माहिती देण्याच्या संमतिपत्रावर सही घ्या. मूल कॉलेजात गेलं की शैक्षणिक नोंदींवरचा हक्क त्याचा. फी तुम्ही भरत असलात तरी संमती नसेल तर डीनच्या ऑफिसातून "आम्ही याबद्दल बोलू शकत नाही" एवढंच उत्तर मिळू शकतं. हे ऐकून चिडलेले पालक पुष्कळ आहेत. त्या कर्मचाऱ्याचा यात दोष नसतो.
4. विद्यापीठाचा आदेश काढून अपिलाची मुदत पाहा. ती कित्येकदा दिवसांतच मोजायची असते. मुदत गेली असेल तर थेट अध्यक्ष किंवा चॅन्सलर यांच्याकडे फेरविचाराचा अर्ज करता येतो का, ते विचारा. सेफसचं प्रकरण चॅन्सलरकडेच सुटलं होतं.
5. फौजदारी वकील, विद्यापीठाच्या चौकशा चालवणारा वकील आणि इमिग्रेशन वकील ही तीन वेगळी कामं आहेत. खटला जिंकून देणाऱ्यानेच पुढचंही सगळं करावं, असा आग्रह धरू नका.

अर्ज मुलाच्या नावाने आणि मुलाच्या भाषेत जाऊ द्या. दोन-तीन पानं पुरतात. तक्रारदार विद्यार्थिनीच्या चारित्र्याबद्दल एक अक्षरही लिहू नका. ते चूक आहे, आणि त्याने अर्ज पडतोही.

कोच "ये" म्हणाला, तरी थांबा

कोचवर मुलांचा फार जीव असतो आणि कोचचा शब्द घरात अंतिम मानला जातो. पण विद्यापीठाचं निलंबन चालू असताना कोचच्या सांगण्यावरून सरावाला जाणं हा स्वतंत्र नियमभंग ठरतो. जिम, लॉकर रूम, संघाची बस, सगळं त्यात आलं. परवानगी लेखी, आणि शिस्त विभागाकडून आलेली हवी.

उलटही घडतं. विद्यापीठ मोकळं करतं आणि कोच घेत नाही. इथे तुमचे हात थोडे बांधलेले आहेत, हे स्वीकारा. अमेरिकन कोर्टांनी बहुतेक वेळा संघातली जागा हा हक्क मानलेला नाही, ती संधी मानली आहे. त्याला एक महत्त्वाचा अपवाद अलीकडे झाला. इलिनॉय विद्यापीठाचा बास्केटबॉलपटू टेरेन्स शॅनन ज्युनियर याच्यावर डिसेंबर २०२३ मध्ये कॅन्सस राज्यात आरोप ठेवले गेले आणि विद्यापीठाने त्याला लगेच निलंबित केलं. तो संघीय न्यायालयात गेला. एनबीएतली निवड आणि आपल्या नाव-प्रतिमेतून मिळणारं उत्पन्न धोक्यात आहे, असा त्याचा दावा होता. जानेवारी २०२४ मध्ये न्यायाधीश कॉलीन लॉलेस यांनी विद्यापीठाला निलंबन चालू ठेवायला मनाई केली आणि खटला उभा राहण्याआधीच तो मैदानावर परतला. एप्रिलमध्ये विद्यापीठाने पुरेशा पुराव्याअभावी आपली चौकशी बंद केली, १३ जून रोजी ज्युरीने त्याला निर्दोष ठरवलं आणि त्याच महिन्यात एनबीएत त्याची निवड झाली.

या निकालावर फार भिस्त ठेवू नका. शॅननकडे दाखवायला ठोस आर्थिक नुकसान होतं. दुसऱ्या फळीतल्या टेनिसपटूला किंवा जलतरणपटूला ते दाखवणं अवघड जातं. तरी एक गोष्ट मागता येते: तुमच्या मुलाच्या जागी दुसऱ्या कुणाला घेतलं असेल तर ते खेळाच्या निकषावर, की प्रकरणामुळे, हे लेखी विचारा. निवड खेळावर झाली असेल तर ती कोचची मुखत्यारी, तिथे वाद घालू नका.

शिष्यवृत्ती आणि पाच वर्षांचं घड्याळ

क्रीडा शिष्यवृत्ती मुदतीच्या मध्येच कोच आपल्या मर्जीने काढू शकत नाही. गंभीर गैरवर्तन हे कारण दिलं तर ते विद्यापीठाच्या नेहमीच्या शिस्त समितीने ठरवलेलं असावं लागतं. रक्कम कमी केली, बंद केली किंवा पुढच्या वर्षी नाकारली तर मुलाला सुनावणी मागता येते आणि ती क्रीडा विभागाबाहेरच्या समितीपुढे होते. हा हक्क अनेक कुटुंबांना माहीत नसतो. पैसे गेले, आता काय बोलायचं, म्हणून ती गप्प बसतात. गप्प बसू नका.

घड्याळाचं दुखणं जास्त खोल आहे. एनसीएएच्या पहिल्या विभागात पूर्णवेळ प्रवेशापासून पाच वर्षांत चार हंगाम, असा नियम वर्षानुवर्षं चालत आला. निलंबनात गेलेलं वर्ष त्यातून आपोआप वजा होत नाही. दीड वर्ष खटल्यात गेलं तर तेवढं खेळणं बुडालं. अशा वेळी मुदतवाढीचा अर्ज करावा लागतो आणि तो मुलगा करू शकत नाही, त्याच्या वतीने विद्यापीठच करतं. ड्यूकच्या खेळाडूंना मिळालेलं जादा वर्ष दाखवून ही मागणी जरूर करा. विद्यापीठात हे नियम सांभाळणाऱ्या कम्प्लायन्स ऑफिसकडून सध्याचा नियम, उरलेले हंगाम आणि शैक्षणिक पात्रता हे तिन्ही ईमेलवर मागवा. पात्रतेचे नियम अलीकडे झपाट्याने बदलत आहेत, म्हणून दोन वर्षांपूर्वी कुणा मित्राला काय मिळालं त्यावर विसंबू नका.

मुलगा त्या विद्यापीठात परत जायलाच तयार नसेल तर? मला ते अगदी समजण्यासारखं वाटतं. पण बदली म्हणजे पाटी कोरी, असं मानू नका. एनसीएएच्या धोरणानुसार खेळाडूला दरवर्षी लैंगिक किंवा अन्य हिंसेच्या चौकशीबद्दल आणि शिक्षेबद्दल जाहीर करावं लागतं आणि नवं विद्यापीठ जुन्याला विचारतं. एसईसी कॉन्फरन्सने तर २०१५ पासून गंभीर गैरवर्तनासाठी काढलेल्या खेळाडूंना दारच बंद केलं आहे. न्यूयॉर्क आणि व्हर्जिनियासारख्या राज्यांत अशा कारवाईची नोंद गुणपत्रिकेवर येते. म्हणून बदली करायची असली तरी आधी जुन्या विद्यापीठातला निर्णय रद्द करून घ्या आणि गुणपत्रिकेवरची नोंद पुसल्याची प्रत हातात घ्या.

एफ-१ व्हिसावर असाल तर

भारतातून थेट शिकायला आणि खेळायला गेलेल्या मुलांसाठी हे टेबल सर्वांत निष्ठुर आहे. निलंबनामुळे पूर्णवेळ वर्ग थांबले की सेविस या परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदप्रणालीतली नोंद बंद होऊ शकते. म्हणून निलंबनाचं पत्र आलं त्याच दिवशी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात जायला हवं. नोंद बंद झालीच असेल तर पुनर्स्थापनेचा अर्ज साधारण पाच महिन्यांच्या आत करायचा असतो.

नुसत्या अटकेवरूनही व्हिसा रद्द होऊ शकतो. मुलगा देशात असेपर्यंत ते कदाचित जाणवणार नाही, पण दिवाळीला घरी आला तर परत जाताना नवा व्हिसा लागेल. निर्दोष सुटल्याच्या आनंदात तिकीट काढू नका. आधी इमिग्रेशन वकिलाशी बोला. २०२५ च्या वसंतात सरकारने हजारो विद्यार्थ्यांच्या सेविस नोंदी अचानक बंद केल्या होत्या. आरोप रद्द झालेले विद्यार्थीही त्यात होते. कोर्टकज्ज्यांनंतर त्या नोंदी परत सुरू झाल्या. तेव्हाही कोर्टाच्या आदेशाची प्रत जवळ असणं मोलाचं ठरत होतं.

व्हिसाच्या फॉर्मवर "कधी अटक झाली होती का?" असं विचारतात. दोषी ठरलात का, एवढंच विचारत नाहीत. उत्तर "हो" द्या आणि सोबत निर्दोष मुक्ततेचा आदेश जोडा. राज्याने नोंद पुसली असली तरी इथे खरंच लिहायचं. अटक मुलाच्या भविष्याला बाधणार नाही कदाचित, खोटं उत्तर नक्की बाधेल.

तक्रार तुमच्या मुलीची असेल तर

निर्दोष निकाल म्हणजे तुमची मुलगी खोटं बोलली, असं कोर्टाने म्हटलेलं नसतं. वाजवी संशय उरला, एवढंच ज्युरीने सांगितलेलं असतं. ड्यूकसारखं उघड निर्दोष जाहीर होणं विरळा. तिचे हक्क निकालाने संपत नाहीत:

- तो परत येणार असेल तर संपर्कबंदीचा आदेश, वर्गाची किंवा वसतिगृहाची वेगळी व्यवस्था मागता येते. हलायचं तिनेच, असा नियम नाही.
- विद्यापीठाची फेरसुनावणी किंवा अपील होत असेल तर तिला कळवलं गेलं पाहिजे आणि तिचंही म्हणणं घेतलं पाहिजे.
- तक्रार केली म्हणून संघातल्या मुलांनी, चाहत्यांनी किंवा प्राध्यापकांनी त्रास दिला तर तो सूडबुद्धीचा स्वतंत्र नियमभंग म्हणून विद्यापीठाकडे नोंदवता येतो.

आणि ज्यांचा मुलगा परत आला आहे त्यांना: संपर्कबंदी निर्दोष सुटल्यावरही चालू राहू शकते. मित्रामार्फत निरोप, इन्स्टाग्रामवरचा 'लाइक', तिच्या मैत्रिणीला टोमणा, यांपैकी कशानेही ती मोडते. विजयाचे फोटो नकोत, मुलाखती नकोत, मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तिच्या नावाची चर्चा तर अजिबात नको.

कॉलेज महाराष्ट्रात असेल तर

तत्त्व तेच, टेबलं वेगळी. लैंगिक छळाची तक्रार यूजीसीच्या २०१५ च्या विनियमांनुसार कॉलेजच्या अंतर्गत तक्रार समितीकडे जाते. चौकशीला नव्वद दिवस आणि अपिलाला तीस दिवस दिले आहेत. समितीचा निष्कर्ष फौजदारी निकालावर अवलंबून नसतो. नोकरीतल्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाने सन्मानपूर्वक निर्दोष मुक्तता आणि संशयाचा फायदा यांत फरक केला आहे. २०१२ च्या समुथीराम निकालात त्याची चर्चा आहे. म्हणून निकालपत्रात न्यायाधीशांनी पुरावा खोटा ठरवला की फक्त अपुरा, तो परिच्छेद शोधून अर्जासोबत जोडा. रॅगिंगच्या प्रकरणात १९९९ चा राज्य कायदा दोषी ठरलेल्याला पाच वर्षं कुठल्याही संस्थेत प्रवेश देऊ नका म्हणतो. तिथे निर्दोष सुटणं फार मोठी गोष्ट आहे, ती प्राचार्यांना लेखी कळवून पोच घ्या.

विद्यापीठाचं शेवटचं पत्र घरात कुठेतरी असेल, नाहीतर मुलाच्या ईमेलमध्ये. आज रात्री ते उघडा, अपिलाची तारीख शोधा, आणि ती टळली नसेल तर उद्या सकाळी वकिलाला पहिला फोन करा.